वीस लिटरचा जार आणि भरलेला खंदक

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे कुणाचं लग्न, कुणाची मय्यत नाहीतर दवाखाना. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलं नानीकडे गेली. आम्ही जुन्या ओम्नीची मागची सीट काढली, फळी टाकली, वर गादी अंथरली. फळीखाली छोटी शेगडी, पिठाचा डबा, दोन जानमाज आणि वीस लिटरचा पाण्याचा जार. शेजारच्या खाला हसल्या, "घर असताना गाडीत झोपणार?"

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. लातूर सोडून पुण्याला मोठ्या दिरांकडे जायचं का, हे बोलणं आमच्या घरात दोन वर्षांपासून चाललंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात वुजूचं पाणीही आम्ही तसराळ्यात धरून फरशी पुसायला वापरलं. ती धास्ती अजून गेलेली नाही. मुलांचे अब्बा म्हणाले, "सोडायचाच असेल तर आधी आपला मुलूख नीट बघू तरी."

अहमदपूरच्या रस्त्यानं निघालो. बालाघाटाचे डोंगर उंच नाहीत, सपाट माथ्याचे आहेत. सोयाबीन निघालेलं, तुरी फुलावर आलेल्या. दुपारी कंधारला पोहोचलो. किल्ला भुईकोट. त्याच्याभोवतीच्या रुंद खंदकात पाणी होतं आणि त्यात तटाचं प्रतिबिंब. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाशी या किल्ल्याचं नाव जोडतात. गावाजवळचा जगत्तुंग समुद्र हा तलावही राष्ट्रकूटांच्याच काळातला सांगतात. पुढं बहामनी आले, निजामशाही आली, मुघल आले. आतल्या दगडांवरची फारसी अक्षरं लावत आम्ही बराच वेळ फिरलो. सगळं वाचता आलं नाही, पण एक गोष्ट कळली. राज्यकर्ते बदलले, तरी खंदक कुणी बुजवला नाही. पाण्याच्या बाबतीत सगळे शहाणे होते.

रात्री ओळखीच्या एका गुरुजींच्या अंगणात गाडी लावली. त्यांच्या घरातून ज्वारीची भाकरी आणि पिठलं आलं. "आत झोपा" म्हणून फार आग्रह झाला, पण आम्ही गाडीतच झोपलो. फजरला उठलो तेव्हा जारमधलं पाणी निम्म्यावर आलं होतं. स्वयंपाक, चहा, भांडी, वुजू, सगळं त्यातच. घरी नळ सोडला की किती गेलं हे कळत नाही. जार मात्र हिशेब दाखवतो.

नांदेडला विष्णुपुरीच्या धरणावर थांबलो. गोदावरी दूरवर पसरलेली. तिथून भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडला. पैनगंगा इथं काळ्या खडकांवरून अनेक धारांनी खाली कोसळते. पलीकडचा काठ यवतमाळचा. आवाज इतका की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

असरची वेळ झाली. धबधब्यापासून दूर, शांत पाण्याच्या काठी मुलांचे अब्बा वुजूला बसले. समोर नदी, आणि हे लोट्यातून बारीक धार धरून हात धुतायत! आम्हाला हसू आलं. "आता तरी हात मोकळा सोडा," म्हटलं. ते म्हणाले, "सवय मोडली तर परत लागायची नाही." वाहत्या नदीवर असलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल. त्या दिवशी ती समोर दिसली.

परतीच्या वाटेवर वहीत गणित मांडलं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छत साठ चौरस मीटर. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तरी बेचाळीस हजार लिटर, म्हणजे आमचे एकवीसशे जार! आजवर ते सगळं गटारात गेलं.

पुण्याचं बोलणं बंद झालेलं नाही. पण घरी आल्यावर पहिलं काम केलं. छताचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडणारा पाइप बसवून घेतला. खाला बघायला आल्या, तेव्हा मात्र हसल्या नाहीत. "खर्च किती आला?" एवढंच विचारलं.