पाहुण्यानं जिंकू नये

शर्यतीत सत्तेचाळिसावा येणाऱ्याचा कोणी रागराग करत नाही. उलट त्याची पाठ थोपटतात, चहा पाजतात, पुढच्या वर्षी नक्की या म्हणतात. 1957 साली टोयोटाची क्राउन ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणाऱ्या मोबिलगॅस ट्रायलमध्ये उतरली. मेलबर्नहून निघायचं आणि मेलबर्नलाच परत यायचं. मधे एकोणीस दिवस, सतरा हजार किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता तांबड्या धुळीचा. क्राउन 47वी आली. टोयोटा आजही आपल्या शर्यतीच्या इतिहासाची सुरुवात या 47व्या क्रमांकापासून सांगते, आणि ते मला फार आवडतं. पुढच्याच वर्षी डॅटसनच्या दोन छोट्या 210 आल्या, एकीचं नाव 'फुजी', दुसरीचं 'साकुरा'. फुजीनं आपल्या गटात पहिला नंबर काढला. त्या तुकडीचे प्रमुख होते युताका काटायामा. हेच गृहस्थ पुढे अमेरिकेत बसून 240झेड या मोटारीचे पालक झाले.

आणि याच ऑस्ट्रेलियात, त्याच्या जेमतेम पंधरा वर्षं आधी, जपानी विमानांनी डार्विन शहरावर बाँब टाकले होते, जपानी पाणबुड्या सिडनीच्या बंदरात शिरल्या होत्या. काउरा या गावी जपानी युद्धकैद्यांची छावणी होती. 1944च्या ऑगस्टमधल्या एका रात्री हजाराहून अधिक कैद्यांनी तिथलं कुंपण फोडलं आणि त्यात 231 जपानी आणि चार ऑस्ट्रेलियन सैनिक गेले. काउरापासून शंभरेक किलोमीटरवर बाथर्स्ट आहे. ऑस्ट्रेलियन मोटारशर्यतीची पंढरी.

आणखी एक धागा लोखंडाचा. 1938 साली पोर्ट केंबलाच्या गोदी कामगारांनी जपानला जाणारं कच्चं लोखंड जहाजात भरायला नकार दिला. याच्या गोळ्या होऊन आमच्यावरच पडतील, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळचे मंत्री रॉबर्ट मेन्झीस यांनी ते लोखंड रवाना करण्याचा हट्ट धरला आणि 'पिग आयर्न बॉब' हे नाव जन्मभरासाठी चिकटवून घेतलं. 1957 साली पंतप्रधान तेच होते. त्याच वर्षी जुलैत जपानशी व्यापार करार झाला आणि थोड्याच दिवसांत क्राउन मेलबर्नला सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली. साठच्या दशकात पिलबाराच्या खाणींतलं लोखंड जपानला जाऊ लागलं, आणि तिथून येऊ लागल्या मोटारी. म्हणजे लोखंड परत आलं, पण पत्रा होऊन.

सत्तरच्या दशकात या मोटारींचं राज्य होतं ते जंगलातल्या रॅलीत. सदर्न क्रॉस रॅली स्कॉटलंडच्या अँड्र्यू कावननं 1972 पासून सलग पाच वेळा जिंकली, सगळ्या मित्सुबिशीतून. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा रॉस डंकर्टन डॅटसनच्या झेड मोटारी घेऊन राष्ट्रीय विजेता झाला. या सगळ्याचं लोकांना कौतुक होतं. रॅली म्हणजे चिखल, रात्र आणि तुटलेले स्प्रिंग; तिथे मोटार कुठल्या देशाची यापेक्षा सकाळपर्यंत टिकली का हे महत्त्वाचं. बाथर्स्टच्या डोंगरावरची गोष्ट वेगळी होती.

तो डोंगर पाहायला जायचं तर शर्यत नसलेला साधा वार निवडावा. सिडनीहून ब्लू माउंटन्स ओलांडून दोनशे किलोमीटर. माउंट पॅनोरमा हे त्याचं नकाशातलं नाव. तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांसाठी तो वहलू. शर्यतीचा सहा किलोमीटर दोनशे मीटरचा हा ट्रॅक एरवी सार्वजनिक रस्ता आहे. दुतर्फा वाहतूक, ताशी साठची मर्यादा, कडेला राहती घरं आणि द्राक्षमळे. मी आमची म्हातारी माझदा घेऊन वर गेलो. पहिला डावा कोपरा ओलांडला की रस्ता सरळ चढतो, मग कटिंग येतं आणि तिथे चढ इतका उभा होतो की दुसऱ्या गिअरवरही इंजिन कुरकुरतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या पांढऱ्या भिंती, इतक्या जवळ की हात बाहेर काढायची भीती वाटावी. त्या भिंतींवर कोपराच्या उंचीला टायरचे काळे फराटे. माथ्यावर रस्ता एकदम पायाखालून निघून जातो. समोर फक्त आभाळ, आणि खाली डाव्या-उजव्या वळणांची उतरंड. एकशे चौऱ्याहत्तर मीटरची ही चढ-उतर शर्यतीच्या दिवशी एकशे एकसष्ट वेळा करायची. मागून एका पिकअपवाल्यानं हॉर्न दिला. त्याला घरी जायचं होतं.

या रस्त्यावर साठच्या दशकापासून दोनच धर्म. होल्डन आणि फोर्ड. बापाचा जो धर्म तो मुलाचा. दोघांचंही दैवत एकच, पाच लिटरच्या आसपासचं व्ही-8 इंजिन, जे छातीत आधी ऐकू येतं आणि कानात मागाहून. जपानी मोटारी इथेही धावत होत्या, पण लहान गटांत, मोठ्यांच्या पायांत न येता. 1979 साली तर एका जपानी मोटारीनं या लोकांना कायमचं ऋणी केलं. चॅनल सेव्हननं धावत्या मोटारीच्या आत कॅमेरा बसवून थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं आणि त्यासाठी मोटार मिळाली पीटर विल्यमसनची टोयोटा सेलिका. घरात बसलेल्या माणसानं हा डोंगर पहिल्यांदा आतून पाहिला तो तिच्या काचेतून. विल्यमसन गाडी चालवता चालवता समालोचकांशी गप्पा मारत होता. आज जगभरच्या शर्यतींत चालकाच्या खांद्यावरून दिसणारं दृश्य आपण सहज पाहतो. त्याच्या आरंभी ही सेलिका आहे. ती जिंकायला आलेलीच नव्हती, म्हणून सगळ्यांना लाडकी.

मग ॲलन मॉफटनं घोटाळा केला. जन्मानं कॅनडाचा, पण फोर्डवाल्यांचा देव. बाथर्स्ट चार वेळा जिंकलेला. फोर्डनं 1978 अखेर शर्यतीतून अंग काढून घेतलं, आणि काही काळानं हा माणूस माझदाची आरएक्स-7 घेऊन उभा राहिला. पाचरीसारखं नाक, वर उघडणारे दिवे, आणि बोनेटखाली पिस्टनच नाहीत. रोटरी इंजिनात त्रिकोणी रोटर अंडाकृती पोकळीत फिरतो. वर-खाली जाणारं काही नाही, त्यामुळे ते हव्या त्या वेगानं फिरू शकतं, आणि शर्यतीसाठी बांधलं की असं किंचाळतं की व्ही-8 वाल्यांना ते कानशिलात मारल्यासारखं वाटे. वाद सुरू झाला तो मात्र आवाजावरून नाही, मागच्या सीटवरून. ही टूरिंग कार की स्पोर्ट्‌स कार? मागे माणूस बसू शकतो का? बसू शकत होता, पाय काढून ठेवले तर. तरी मोटार नियमांत बसली. 1983चं ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यपद मॉफटनं जिंकलं. एखाद्या जपानी मोटारीला ते पहिल्यांदाच मिळालं. दुसरा आला जॉर्ज फ्युरी, निस्सान ब्लूबर्डमधून. दोन्ही देवळांत त्या वर्षी दिवा लागला नाही.

फ्युरीची ब्लूबर्ड ही तर स्पोर्ट्‌स कारसुद्धा नव्हे. शेजारचा कारकून ऑफिसला नेतो ती चार दारांची मोटार, 1.8 लिटरची, फक्त तिला टर्बो लावलेला. फ्युरी हंगेरीत जन्मलेला शेतकरी, मितभाषी, रॅलीत तयार झालेला. 1984 साली त्यानं बाथर्स्टला एका फेरीत 2 मिनिटं 13.85 सेकंद अशी वेळ दिली आणि पाच लिटरच्या सगळ्या धटिंगणांच्या पुढे, पहिल्या जागेवर जाऊन उभा राहिला. टर्बो मोटारीला हा मान इथे पूर्वी मिळाला नव्हता. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात जास्त जीव आहे तो या फेरीवर. शर्यत तो जिंकला नाही, त्यामुळे तिची आठवण फारसं कोणी काढत नाही.

जीटी-आरची आठवण मात्र काढावीच लागते. 1989च्या जुलैत 'व्हील्स' या ऑस्ट्रेलियन मासिकानं निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर32 हिला 'गॉडझिला' म्हटलं. नाव जपानी सिनेमातल्या राक्षसाचं, ते दिलं ऑस्ट्रेलियानं, आणि साऱ्या जगानं उचललं. मोटार 2.6 लिटरची, सहा सिलिंडर, दोन टर्बो. खरी करामत चाकांत. वळणातून बाहेर पडताना इतर मोटारींची मागची चाकं जास्त जोर लावला की घसरत; चालक पाय उचले. जीटी-आरची मागची चाकं घसरू लागली की संगणकाला क्षणात कळे, आणि ताकद पुढच्या चाकांकडे वळे. पाय उचलायचं कारणच उरलं नाही. मेलबर्नजवळ डँडेनाँगला फ्रेड गिब्सन यांच्या कारखान्यात ही मोटार आणखी धारदार झाली. 1991 साली जिम रिचर्ड्‌स आणि मार्क स्केफ यांनी तिच्यातून बाथर्स्टचे हजार किलोमीटर 6 तास 19 मिनिटांत संपवले. तो विक्रम 2010 पर्यंत टिकला. ही मुख्य शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी मोटार.

1992 साली तिच्यावर वजन लादलं, टर्बोच्या दाबाला लगाम घातला, तरी ती पुढेच होती. शर्यतीच्या शेवटी पाऊस आला. रिचर्ड्‌स गुळगुळीत टायरवर होता. मोटार घसरली, भिंतीवर आपटली, चाक वाकलं, तसाच रखडत खाली आला आणि आधीच चेंदामेंदा होऊन पडलेल्या मोटारींत जाऊन रुतला. पंचांनी लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली. नियम असा की निकाल एक फेरी मागे जाऊन लावायचा. मागे गेल्यावर पहिला कोण, तर मोडक्या मोटारींत रुतलेला रिचर्ड्‌स. धडधाकट धावत असलेला डिक जॉन्सनचा फोर्ड दुसरा. मंचाखाली जमलेल्या गर्दीनं विजेत्यांची अशी हुर्यो उडवली की बोलणंही ऐकू येईना. रिचर्ड्‌सला थोड्याच वेळापूर्वी कळलं होतं की त्याचा मित्र, 1967चा फॉर्म्युला वन विश्वविजेता डेनी ह्यूम, याच शर्यतीत बीएमडब्ल्यू चालवताना हृदयविकारानं गेला. त्यानं माइक हातात घेऊन त्या गर्दीला थेट शिवी हासडली. सभ्य म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस. मला ती शिवी योग्यच वाटते.

हा सगळा प्रकार वंशद्वेष म्हणून निकालात काढणं सोपं आहे. तो नव्हताच असंही नाही. पण मोडलेली मोटार जिंकते आणि चालती हरते हे भिजत उभ्या असलेल्या माणसाला पटणं कठीणच, आणि तोच तो विजेता सतत पाहून माणूस कंटाळतोही. माझा मुद्दा एवढाच की सेलिकेचं कौतुक करणारी आणि जीटी-आरची हुर्यो उडवणारी माणसं तीच होती. मधल्या काळात बदललं ते फक्त पाहुण्याचं ताट: ते आता यजमानाच्या पाटासमोर मांडलेलं होतं.

1993 पासून नियमच असे केले की मुख्य शर्यतीत पाच लिटरची व्ही-8 इंजिनं, होल्डन आणि फोर्ड. जीटी-आरला जागाच उरली नाही. त्या आधीच, 1992 मध्ये, निस्साननं मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातला मोटारीचा कारखानाही बंद केला होता. माझदाची आरएक्स-7 बाजूच्या वाटेनं बाथर्स्टची बारा तासांची शर्यत जिंकत राहिली, 1992 पासून चार वेळा ओळीनं. त्यातली चौथी सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीकला झाली आणि तिच्यात चालक होता डिक जॉन्सन. होय, तोच.

पण गंमत पुढे आहे. त्या मंचाखाली होल्डनची टोपी घालून ओरडणाऱ्यांपैकी कित्येक जण घरून होल्डनचीच व्हीएल कमोडोर घेऊन आले असणार. 1986 पासून ऑस्ट्रेलियात नव्या मोटारी शिसेविरहित पेट्रोलवर चालवणं सक्तीचं झालं. होल्डनचं जुनं सहा सिलिंडरी इंजिन त्यात बसवणं परवडेना, म्हणून त्यांनी ते जपानहून विकत घेतलं. निस्सानचं आरबी30. जीटी-आरच्या आरबी26ची सख्खी बहीण. देशाची लाडकी, पोलिसांनीही वापरलेली ही कमोडोर आतून निस्सान होती, आणि ते सगळ्यांना माहीतही होतं. बोनेट बंद असेपर्यंत कोणाची हरकत नव्हती. आज तीच व्हीएल टर्बो हौशी लोक शोधत हिंडतात, आणि आपल्या कमोडोरमध्ये व्ही-8 नाही हे अभिमानानं सांगतात.

जुन्या मोटारींच्या शर्यतीत फिलिप आयलंडला किंवा सँडाउनला गेलं की पॅडॉकमध्ये 240झेड दिसतात, जवळपास सत्तरीच्या माणसांनी चालवलेल्या. लांब बोनेट पुढे उघडून ठेवलेलं, कार्ब्युरेटरच्या तोंडांत धूळ जाऊ नये म्हणून कापडाचे बोळे, आणि मालक गुडघ्यावर बसून पत्र्याच्या कडेला गंज शोधतोय. गंज हा या मोटारींचा खरा शत्रू. त्यांचा पत्रा पातळ. अशा एका मालकाला मी विचारलं, लहानपणी घरात कोणता पक्ष होता? म्हणाला, होल्डन, आणि बाप हयात असता तर ही दारात उभी करू दिली नसती. मग पुन्हा खाली वाकून बोटानं पत्रा चाचपू लागला.

फोर्डनं ऑस्ट्रेलियातलं मोटार उत्पादन 2016 मध्ये थांबवलं. टोयोटा आणि होल्डन यांनी 2017 मध्ये. 2020 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं होल्डन हे नावच मोडीत काढलं. तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं की आपलं म्हणून ज्याच्यासाठी भांडलो, ते कधीच आपल्या मालकीचं नव्हतं. स्केफ दरम्यान होल्डनच्या संघात जाऊन आणखी बाथर्स्ट जिंकला होता आणि ज्यांनी हुर्यो उडवली त्यांच्या मुलांनी त्याच्या नावाच्या टोप्या घातल्या होत्या. त्या होल्डन संघाची स्थापना करणारे टॉम वॉकिन्शॉ यांनी 1981 साली बेल्जियममध्ये स्पाची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, आरएक्स-7मधून. 2024 मध्ये जाहीर झालं की टोयोटा 2026 पासून सुप्रा घेऊन सुपरकार्स मालिकेत उतरणार, आणि त्यासाठी निवडलेला संघ वॉकिन्शॉंचाच, म्हणजे तोच जुना होल्डनवाला. सुप्राच्या बोनेटखाली व्ही-8 असेल.