काळाची सबब

घाटाखाली मलकापुराकडे स्वच्छ ऊन असावे आणि वर बुलढाण्यास धुक्याने समोरचे झाडही दिसू नये, अशा एका श्रावणातल्या दुपारी नारो सदाशिव रिसबुडांची १८६८ सालची ‘मंजुघोषा’ मी पुन्हा वाचावयास घेतली, आणि तिच्यातील अद्भुताची मोहिनी अद्यापि ओसरली नाही हे पाहून मन सुखावले. परंतु या पंथाच्या कादंबऱ्यांत शौर्य, प्रवास, साहस हा सारा मुलूख पुरुषांच्या नावे लिहिलेला, आणि नायिकेच्या वाट्यास लावण्य, विरह व मूर्च्छा एवढाच ऐवज; तरुणपणी ज्या पानांवरून दृष्टी भरधाव निघून गेली तेथेच आता ती अडखळू लागली.

अशा वेळी ‘काळच तसा होता’ ही सबब सहज ओठांवर येते, आणि रिसबुडांनी तर ती प्रस्तावनेतच दाखल करून ठेविली आहे : आपल्या लोकांची विवाहपद्धती आणि एकंदर राहणी अशी की नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून ग्रंथकारास अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या कैफियतीचा मथितार्थ. वास्तविक अकरा वर्षांपूर्वीच, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून त्याच नित्याच्या जीवनातील विधवांची दैना वाचकांपुढे मांडली होती.

आणि पुढे चौदा वर्षांनी, ज्या बुलढाण्यात मी हे पुस्तक वाचीत होतो, तेथल्याच ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यास छापले गेले. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस. शिक्षण घरीच झालेले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, जी पुढे काळ्या पाण्यावर आली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी अवघ्या स्त्रीजातीवर झोड उठविली, तेव्हा या बाईंनी लेखणी उचलली. नवरा मेल्यावर बायकोने केस उतरवून कोपऱ्यात बसावयाचे, तर बायको मेल्यावर नवऱ्याने दाढीमिशा भादरून जन्मभर अरण्यात का राहू नये, हा त्यांचा सवाल. आणि स्त्रियांचे कपट रंगविणाऱ्या तत्कालीन कथा-नाटकांचाही त्यांनी त्याच झपाट्यात समाचार घेतला.

मंजुघोषेतील रस मी यापुढेही चाखीन. कल्पनेचे सुख नाकारणे हा काही सुधारणेचा पुरावा नव्हे. मात्र ग्रंथकारास काळाच्या नावाने माफी लिहून देण्याचा अख्त्यार मला आहे असे आता वाटत नाही. रिसबुडांचा काळ ताराबाईंचाही होता. ‘तेव्हा सारे असेच मानीत’ असे आपण उदारपणे म्हणतो, तेव्हा त्या औदार्याचा खर्च ताराबाईंच्या खात्यावर पडतो, कारण त्या ‘साऱ्यां’त त्यांची गणतीच होत नाही.