रिकिबीविना स्वार

चेन्नईच्या अण्णा सालई मार्गावर मद्रासचा एके काळचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा १८३९ पासून उभा आहे. घोड्यास ना खोगीर, ना रिकीब! शिल्पकार फ्रान्सिस चँट्री ती घडवावयास विसरला, अशी आख्यायिका आहे. परंतु लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील त्याचा चौथा जॉर्जही असाच स्वार झालेला आहे. तेव्हा ही विस्मृती नव्हे, शिल्पकाराची मर्जी होय.

१८१८ साली बेळगाव व सोलापूरचे किल्ले पेशव्यांच्या फौजांकडून जिंकून घेणारा सेनानी हाच. त्यामुळे मराठी प्रवाशाचे मस्तक येथे सहजी लवत नाही. तथापि ज्या रायलसीमेत त्याने रयतवारी रुजविली, तेथील शेतकरी आपल्या मुलांना ‘मन्रोलप्पा’ म्हणू लागले, असे सांगतात. त्याच मुलखात, पत्तिकोंडा येथे, १८२७ साली तो पटकीने वारला.