वेळासासारखं करायचंय

आमच्या गावात कुणी 'मॉडेल' म्हणत नाही. 'वेळासासारखं' म्हणतात. 'आपण पण वेळासासारखं करू या', 'वेळासासारखं आपल्याला जमायचं नाही', 'वेळासला काय सोन्याची कासवं येतात?' ग्रामसभेत गेली काही वर्षं हीच तीन वाक्यं आलटूनपालटून बोलली जातात. मी पुण्यात बसून किनारा-संवर्धनाच्या प्रशिक्षण पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणते. तिथे मला याच गोष्टीला 'यशस्वी प्रारूपाची पुनरावृत्ती' म्हणावं लागतं. पुस्तिका छापून झाली की एक प्रत काकाला पाठवते. तो ती वाचतो, आणि मग फोन करून कुठल्या पानावर काय आमच्याकडे चालणार नाही ते सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे, समुद्राला लागून आहे, एवढं पुरे. एकदा एका रीलमध्ये नाव आलं तर त्या शनिवारी थेट पुळणीवर गाड्या उतरल्या होत्या. कासवाचं पिल्लू तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं. चाकाने पाडलेल्या चरात ते पडलं की चरातूनच चालत राहतं, समुद्र राहतो बाजूला.

ज्यांना वेळास फक्त फोटोंमधून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. वेळास मंडणगड तालुक्यात, नाना फडणवीसांचं गाव. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि सहकारी, समुद्री गरुडांची पाहणी करत या किनाऱ्यावर फिरत होती. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी उकरून नेली जात होती, खाल्ली जात होती, विकली जात होती. ऑलिव्ह रिडले हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, पण पहाटे चारला पुळणीवर कायदा नसतो. संस्थेने गावातल्याच माणसांना सोबत घेतलं, अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरायला सुरुवात केली, पिल्लं सोडली. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक आले, पण हॉटेल उभं राहिलं नाही. लोक गावकऱ्यांच्या घरी उतरले, ओटीवर झोपले, केळीच्या पानावर जेवले. त्यानंतर आंजर्ले, गुहागर आणि इतर गावं त्या वाटेने गेली, प्रत्येक आपापल्या चालीने.

पण वेळासने तरी हे कुठून घेतलं? अंडी हलवून कुंपणात उबवण्याची पद्धत भारतात त्याआधी तीसेक वर्षं चालू होती. मद्रासमध्ये सत्तरच्या दशकात सर्पोद्यानाशी जोडलेली मंडळी रात्री किनाऱ्यावर कासवं शोधत चालायची. 1988 पासून तिथले विद्यार्थी ते काम करतात. नीलांकरै ते बेझंट नगर, मध्यरात्रीनंतर, पाठीवर पिशवी. शहराच्या दिव्यांनी पिल्लं रस्त्याकडे वळतात, कुत्री अंडी उकरतात, म्हणून घरटी हलवणं भागच आहे. ही माणसं हौसेने चालतात आणि सकाळी कॉलेजला किंवा नोकरीवर जातात.

हेच जसंच्या तसं कोकणात आणलं असतं तर पहिल्या आठवड्यात बंद पडलं असतं. आमच्याकडे रात्रीची हौस असलेली पोरं मुंबईला आहेत. गावात उरलेत ते पन्नाशीचे लोक, ज्यांना पहाटे उठायची सवय आहे आणि पैशांची गरज आहे. म्हणून कोकणातला कासवमित्र पहाटे चालतो, ओळीने आपल्याच गावचा किनारा, आणि त्याला मानधन मिळतं. पुस्तिकेच्या दृष्टीने हा किरकोळ बदल. माझ्या मते सगळं काम याच बदलावर उभं आहे.

ओडिशाचं तर विचारूच नका. गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे काही दिवसांत लाखांनी कासवं वर येतात. जागा इतकी अपुरी पडते की आधीच्या कासवाची अंडी नंतरचं कासव उकरतं. तिथे टोपली घेऊन कोण काय हलवणार? तिथलं काम समुद्रात आहे: नोव्हेंबर ते मे या काळात किनाऱ्यालगत ट्रॉलरना बंदी, पकडलेलं कासव निसटून जाईल अशी जाळ्यातली दारं. आमच्याकडे कासव एकटं येतं, एका रात्री एक, कधी आठवडाभर कुणीच नाही. तरी मला एकदा पूर्व किनाऱ्यासाठी लिहिलेली पुस्तिका 'फक्त गावांची नावं बदलून' मराठीत करायला दिली होती. मी नावं बदलायला नकार दिला, आणि मग ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

यात गंमत अशी की दोन किनारे कासवांनी वेगळे ठेवलेले नाहीत. 2023च्या फेब्रुवारीत गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. काकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिला दोन्हीकडची पद्धत ठाऊक असणार. तिलाच विचार."

काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. तो आमच्या गावचा कासवमित्र आहे. आणि माझे आजोबा, म्हणजे त्याचे वडील, गावातले अंडी काढण्यात सर्वांत तरबेज. याची घरात लाज नव्हती, आजही नाही. कासव वर आलं की ट्रॅक्टर गेल्यासारखा माग उमटतो, तो कुणालाही दिसतो. पण मादी नुसतीच फिरून, एक-दोन जागी वाळू विस्कटूनही परत जाते. अंडी नेमकी कुठे, हे कळणं अवघड. आजोबा काठी हलकेच वाळूत दाबत जायचे. घट्ट वाळू काठीला अडवते, अंड्यांवरची भुसभुशीत वाळू सोडते. त्या क्षणी हात थांबवायचा, नाहीतर काठी अंड्यात जाते. काका दहाव्या वर्षी हे शिकला, पिशवी धरायला जायचा तेव्हा.

पुढचं ज्ञान पुस्तकी आहे आणि तेही त्याने घेतलं. मडक्याच्या आकाराचा दीडेक फुटाचा खड्डा, शंभर-सव्वाशे अंडी, काही तासांच्या आत हलवायची, उलटीपालटी करायची नाहीत, कारण गर्भ आतल्या बाजूला चिकटतो आणि फिरवलं तर मरतो. कुंपणात तसाच मडक्यासारखा खड्डा खणायचा. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस. वाळूचं तापमान साधारण 29-30 अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली राहिलं की नर जास्त. म्हणून तो एप्रिलच्या आधीच कुंपणावर माडाची झापं टाकतो. पुस्तिकेत शेडनेट लिहिलं होतं. झापं फुकट मिळतात आणि वाऱ्याने उडाली तर समुद्रात प्लास्टिक जात नाही.

पुस्तिकेतल्या 'प्रशिक्षित स्वयंसेवक' या दोन शब्दांत आजोबांची काठी कुठेच येत नाही. मी एकदा तळटीप घातली होती. ती छापताना काढली गेली.

आता त्या प्रकरणाबद्दल, ज्यामुळे आमच्या घरात दोन महिने नीट बोलणं नव्हतं.

माझा चुलतभाऊ, काकाचाच मुलगा, मुंबईची नोकरी सोडून गावी आला आणि घरात तीन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. कर्ज काढलं, संडास बांधले. महोत्सवाची जाहिरात त्याचीच. अडचण अशी की पिल्लं तारखेला येत नाहीत. अंदाज बांधता येतो, पण पाच दिवस पुढेमागे. लोक पुण्याहून सात तास बस करून येतात, टोपली उचलली जाते, खाली नुसती वाळू. लहान मुलं रडतात. मोठी माणसं रडत नाहीत, रेटिंग देतात.

त्या मार्चमध्ये शनिवारी सकाळी अचानक तीस-पस्तीस पिल्लं वर आली. बस संध्याकाळी पोचणार होती, चाळीस माणसं. दादा म्हणाला, टबात ओली वाळू घालून ठेवू या, संध्याकाळी सोडू. दहा तासांचा तर प्रश्न आहे. काकूने नारळ खवून ठेवले होते, मोदकांची उकड काढायची होती.

हे सगळीकडे घडतं आणि कुणी त्याला क्रूरपणा म्हणत नाही. पण पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो. त्या शिदोरीवर ते बाहेर पडल्यापासून दिवसभर वेड्यासारखं पोहतं, किनाऱ्याजवळच्या माशांच्या, पक्ष्यांच्या टापूतून निसटतं. टबात ठेवलं तरी ते थांबत नाही, टबाच्या भिंतीवर पोहत राहतं. संध्याकाळी समुद्रात जाईल ते दमलेलं पिल्लू. हजारात एखादं मोठं होतं म्हणतात. टबातल्यांचा हिशेब वेगळा करायला हवा.

काकाने कुणाला न विचारता साडेसातला सगळी सोडली. दादा पुळणीवरच ओरडला, "बस काय तुमचा बाप भरणार?" त्याचा बाप समोरच उभा होता, हे नंतर सगळ्यांना हसायला पुरलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी दादाच्या विरुद्ध लिहीत नाहीये. कर्जाचा हप्ता त्याचा आहे. वेळासची गोष्ट सांगताना 'गावाला रोजगार मिळाला' हे वाक्य आपण फार पटकन लिहितो, मीही दहा पुस्तिकांत लिहिलंय. रोजगार मिळाला म्हणजे गावातलं कुणीतरी आता पिल्लांच्या येण्यावर अवलंबून आहे. गोव्यात मोरजीला याच कासवाच्या किनाऱ्यावर शॅक आणि दिवे आले, तेही रोजगारच. शेवटी तोडगा काकूने काढला. पाहुण्यांना आधीच सांगायचं की तुम्ही जेवायला आणि पुळण बघायला येताय, कासव दिसलं तर नशीब. पहाटे काकाबरोबर चालायचं, माग कसा वाचायचा ते शिकायचं, त्याचे वेगळे पैसे. पहिल्या वर्षी बुकिंग निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी थोडं सावरलं. खोल्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

काकूंच्या बचत गटाला एकदा वेंगुर्ल्याला नेलं होतं, तिथल्या स्वामिनी गटाच्या बायका कांदळवनातून होडी वल्हवत पर्यटकांना फिरवतात ते दाखवायला. आमची खाडी ओहोटीला चिखल होते, होडी रुतून बसते. होडीचा बेत त्यांनी परतीच्या एसटीतच सोडला. पण तिथला पैशांचा हिशेब बायकांच्या वहीत असतो, हे त्यांनी नीट पाहून घेतलं होतं. आता पहाटेच्या फेरीचे पैसे दादाकडे जात नाहीत, गटाकडे जातात.

शब्दही असेच इकडून तिकडे येतात. गुजरातमध्ये 2004 साली देवमाशाएवढ्या त्या शांत माशाला, व्हेल शार्कला, वाचवायची मोहीम निघाली, तेव्हा मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं. मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शार्क सोडले, आणि जाळ्याची भरपाई सरकारने दिली. महाराष्ट्रात 2018च्या अखेरीपासून कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन यांच्यासाठी जाळं कापलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळू लागली, पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. 'माहेरवाशीण'ही आमच्याकडे आली. कासवाला ती शोभतेही, मादी खरोखरच जन्मलेल्या किनाऱ्याच्या आसपास परतते. मला मात्र हा शब्द भाषांतरात नेहमी खटकतो. माहेरवाशिणीचे लाड होतात ते ती चार दिवसांनी जाणार हे ठरलेलं असतं म्हणून. जमिनीत तिचा वाटा काढायची वेळ आली की सूर बदलतो. कासवालाही आपण पुळण देतो ती रिकामी आहे तोवरच.

पुळण जाते म्हणजे काय, ते केरळात कोलावीपालम या गावाने पाहिलंय. तिथल्या मच्छीमार तरुणांनी 1992च्या सुमारास स्वतःहून कासवांचं काम सुरू केलं, वर्षानुवर्षं नेटाने केलं. मग किनाराच झिजत गेला, घरटी घटत गेली. कामात काही कमी नव्हती, वाळूच उरली नाही.

आमच्या उत्तरेच्या गावात हे आता चाललंय. तिथे घरं वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय, मोठे काळे दगड. घरं वाचली हेही खरं. तिथले दोघेजण मागच्या दिवाळीनंतर काकाकडे आले, म्हणाले, तुमच्यासारखं करायचंय. 'वेळासासारखं'च्या जागी 'तुमच्यासारखं' ऐकून काका दिवसभर खुशीत होता. मी त्याला म्हटलं, पुस्तिकेची प्रत देऊ का त्यांना? तो म्हणाला, "नको गो. आधी बघून येतो."

गेला, दोन पहाटा चालला. कासव दगडांपर्यंत येतं, वर चढता येत नाही म्हणून पायथ्याशीच अंडी घालतं, पुढच्या उधाणात ती वाहून जातात. कुंपण घालायला कोरडी वाळूच नाही. तिथे आमच्यासारखं करता येणार नाही, असं त्याने त्यांना तोंडावर सांगितलं. मग वन खात्याकडे रीतसर परवानगी मागितली. ती मिळाल्यापासून त्यांची पोरं पहाटे माग काढतात, काठी आता त्यांच्याकडेही आहे, आणि अंडी बादलीत त्याच वाळूसकट, न हलवता, बाइकवरून हळूहळू आमच्याकडे आणतात. मागे बसलेला बादली मांडीत धरतो.

आमच्या कुंपणात त्यांच्यासाठी एक कोपरा आहे. तिथल्या टोपल्यांवर त्यांच्या गावाच्या नावाच्या पाट्या आहेत, कारण पहिल्याच महिन्यात वाद झाला: पिल्लं वर आली तर ती कोणाच्या गावची, आणि पाहुण्यांनी दिलेले पैसे कोणाचे? पैशांचं अजून ठरायचंय. पिल्लांचं असं ठरलंय की त्यांच्या पाटीखालून वर आली तर फोन करायचा, पण वाट बघायची नाही. फोन उचलला आणि पोचले तर ते सोडतील, नाहीतर काका सोडेल.