वाडीतली वायर, जमिनीखालून

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब आणि सुपारीची झाडं एकदमच आडवी झाली. कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. याच तालुक्यातल्या दिघीत घरापासून वाडीतल्या विहिरीच्या पंपापर्यंत वायर जमिनीखालून न्यावी, हे आता कुणाला पटवून द्यायला नको. घाई होते ती पाइप घेताना.

*

भिंतीत घालतात तो पातळ फ्लेक्सिबल पाइप पुरायचा नाही. स्वस्त असतो, हवा तसा वळतो; पण मातीच्या भाराने चपटतो, आणि आतूनही वळ्या असल्याने पुढे वायर बदलताना ती अडकते. पुरायला दुपदरी एचडीपीई, म्हणजे डीडब्ल्यूसी पाइप घ्यावा: बाहेरून वळ्यांचा, आतून गुळगुळीत. त्यावर आयएस १६२०५ भाग २४ हा क्रमांक छापलेला पाहावा. दाब सोसण्याचे वर्ग २५०, ४५० आणि ७५० न्यूटन. खणताना जांभ्याचे कपचे निघत असतील तर वरचाच वर्ग.

लोखंडी फ्लेक्सिबल नको. राजापुरी खाडीचा खारा वारा त्याला वर सोडत नाही, खालची ओल खाली सोडत नाही.

*

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: पुरलेल्या पाइपात पाणी येणारच. सांधे कितीही घट्ट बसवा, आतल्या हवेतला दमटपणा गारव्याने थेंब होऊन साचतो. शिवाय कोकणातला पाऊस. पाइप केबलला कुदळीपासून आणि उंदरांपासून वाचवतो, ओलीपासून नाही. त्यामुळे आत घरातली साधी वायर ओढणं जिवावर बेतू शकतं. जमिनीखाली चालणारी आर्मर्ड केबलच हवी. पाइपाला एका बाजूने किंचित उतार द्यावा आणि उताराच्या टोकाला तळाशी खडी घातलेला छोटा खड्डा करावा.

*

पाइप जोडणारा कपलर रबरी रिंगवाला. रिंग नसली की सांध्यातून रेती आत येते. आर्मर्ड केबलला निकेल चढवलेला पितळी ग्लँड, आणि तो जोडणीच्या पेटीच्या खालच्या बाजूने. वरून ग्लँड बसवलेल्या पेटीत पाणी केबलवरूनच उतरतं. जमिनीबाहेर येणारा तुकडा जाड, ताठ पाइपाचा असावा.

*

आयएस १२५५ प्रमाणे घरगुती व्होल्टेजच्या केबलला ७५ सेंटिमीटर खोली. जांभ्यात पहार चालवताना हात भरून येतात, तरी तेवढं खणावंच. पाइपाखाली-वर चाळलेली माती. किनाऱ्याची खारी रेती नको. चर अर्धा भरला की वर धोक्याची पट्टी.

*

प्लॅस्टिक पाइप अर्थिंग नेत नाही. अर्थची वायर वेगळी, आर्मरही अर्थला जोडलेलं, आणि घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. शिंपणं करणारा माणूस ओल्या मातीत अनवाणी उभा असतो.

*

वळणं लांब घ्यावीत. चर सरळ असला तरी गुंडाळीतून सुटलेला पाइप नागमोडी पडतो. तो ताणून बसवल्याशिवाय माती लोटू नये. केबलसोबत एक नायलॉनची दोरीही आत सोडून ठेवावी, पुढची केबल ओढायला.