पन्नासची लेन्स

धाकटीला ताप होता, चार दिवस घरातच. त्यात धारवाडचा पावसाळी उजेड. दुपारी चारलाच दिवा लावायचा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सनं तिचे फोटो काढले, सगळे हललेले. ती बरी झाल्यावर हुबळीहून ५० एमएमची, एफ १.८ वाली आणली. जुनी ५५ वर एफ ५.६ पलीकडे उघडत नाही; ही जवळजवळ दहापट उजेड आत घेते. नव्या बॉडीचा मोह आवरला, कसाबसा.

आता पापणीचा केस न् केस दिसतो. साधनकेरीच्या तळ्याकाठी थोरल्याला उभं केलं, तर म्हणाला, "बाबा, कॅमेरा खाली ठेव की."

रात्री जुने फोटो चाळले. एकात धाकटीचा हात नुसता पांढरा फराटा झालाय. तो डिलीट करायला बोट धजेना.