उसन्या नावाचं गाव

पश्चिम बंगालमधल्या कूचबिहार जिल्ह्यात दिनहाट्याच्या बाजूला मध्य मशालडांगा हे गाव आहे. भातशेती, बांबूची बेटं, पत्र्याची घरं. शेजारच्या गावांपेक्षा वेगळं काहीच दिसत नाही. पण २०१५पर्यंत हा बांगलादेशाचा तुकडा होता आणि चारही बाजूंना भारत!

इथली मुलं भारतीय शाळेत शिकायची, पण त्यासाठी शेजारच्या गावातल्या कुणाला तरी कागदावर वडील म्हणून दाखवावं लागे.

३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री असे ५१ तुकडे भारतात आले, १११ बांगलादेशात गेले. गावात ६८ मेणबत्त्या पेटल्या, तिरंगा फडकला. २०१६मध्ये गावकऱ्यांनी पहिल्यांदा मतदान केलं.

शेत, बोली, शेजारी तेच राहिले. जुन्या दाखल्यांवरचं उसनं नाव बदलून आपल्या वडिलांचं लावण्यासाठी मात्र अनेकांना खेटे घालावे लागले.